पाय टेकला की एक

या गाडीला सीटच नाही.
म्हणजे आहे नावापुरती, पोळपाटाएवढी फोमची चकती,
बसलं तर गुडघे कानाला लागतात.
पहिल्या संध्याकाळी सुफलानं तिच्याभोवती एक फेरी मारली
आणि विचारलं, "मी कुठे बसू?"

खाण चालू होती तेव्हा माझ्याकडे अशीच एक होती.
कुडचड्याच्या कायतान मेस्तानं
साध्या गाडीची कापून-जोडून केलेली,
मागचं दातेरी चाक जेवणाच्या ताटाएवढं.
आठवडाभर मी काट्यावर ट्रक मोजायचो,
रविवारी मी आणि मिंगेल
टाकाऊ मातीच्या ढिगांवर चढायचो, उतरायचो, पडायचो.
थोरलीच्या बारशाला ती विकली.
मिंगेल स्विंडनला, गोदामात रात्रपाळी करतो.
खाण बंद झाली. मी सोसायटीच्या काउंटरवर बसलो,
आणि बसलोच.

आता चौपन्नाव्या वर्षी पुन्हा उभा आहे, दोन पायटांवर.
टायरात हवा चार पौंड.
पंपावरचा पोरगा म्हणाला, "अंकल, पंक्चर."
नाही रे, अशीच असते. दगड धरायचा तर मऊ राहावं लागतं.
(हेच वाक्य मी घरीही वापरून पाहिलं.
चाललं नाही.)

शर्यत नव्हे ही. वेगाला इथे कुणी विचारत नाही.
दोन खुणांमधून जायचं, दगडांवरून, वळून, वर.
पाय टेकला की एक.
दोनदा, दोन.
तीनदा, तीन; मग कितीही टेक, तीनच,
जगात एवढी माफी मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही.
पडलास तर मात्र पाच.
ज्याच्या नावावर कमीत कमी, तो पहिला.

रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठाला
जांभ्याच्या पायऱ्या आहेत, कुणी न बांधलेल्या.
मार्चमध्ये बोंडूंचा आंबूस वास येतो,
खाली कुठेतरी पदेराचा भोंगा पोंपों करत जातो.
क्लचवर एकच बोट. श्वास अर्धा.
शरीराला सगळं आठवत होतं,
फक्त विसाव्या वर्षीचं.
पुढचं चाक चढलं, मी मागेच राहिलो.
बोंडू वेचणारी बाई टोपली न ठेवता म्हणाली,
"घरा वच रे पात्रांव."

त्या रात्री गुडघ्यावर
फ्रीजरमधल्या बांगड्यांची पिशवी.
सुफला काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी त्याच बांगड्यांचं हुमण केलं.

पुढच्या रविवारी मागे स्कूटरचा आवाज.
ती. डब्यात पोळे, पर्समध्ये खडू.
सावलीतल्या खडकावर बसली
आणि माझ्याकडे न बघता माझे पाय बघू लागली.
"तो टेकला."
"घासला फक्त."
"टेकला. लिहिते."
तीस वर्षं कुणाचा हिशेब कुणी ठेवला होता ते
मला त्या खडकावर कळलं.

परत येताना उसगाळीमळला थांबलो.
तिथे मी चाक लावत नाही.
हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी सड्यात
बैल कोरलेत, हरणं कोरलीत,
आणि एक चक्रव्यूह, वळणाच्या आत वळण,
कशासाठी ते त्यालाच ठाऊक.
चपला काढून सुफला उकिडवी बसली.
बाहेरच्या रेषेत बोट ठेवलं,
हळूहळू आत नेऊ लागली,
कपाळावर तीच आठी, जी सुईत दोरा ओवताना येते.
मी गुडघा चोळत उभा होतो.
तिसऱ्या वेढ्यापाशी दगड झिजलेला, रेष पुसट,
तिचं बोट अडलं, उचललं गेलं.

मी तोंड उघडलं.
मग म्हटलं, जाऊ दे.
"एक," ती स्वतःच म्हणाली,
आणि पुन्हा बाहेरून सुरुवात केली.