सम आकडे

सकाळी साडेसहाला जेलरोडला नळ येतो
आणि त्याच सुमारास फोनवर आकडे.
फुलं पाठवायची नाहीत, सुविचार नाहीत,
एवढंच ठरलंय आमचं.
वरोऱ्याहून कुसुम धांडे : एकशे एकतीस, मफलरचा दुसरा गोळा संपला.
इचलकरंजीचे उपाध्ये : एकशे त्रेपन्न,
रात्री रेडिओवर ताश्कंद लागलं होतं, खरखर फार.
परभणीचे निजामभाई : एकशे अठरा,
आणि गच्चीवरच्या कबुतरांचा फोटो,
त्यात एक नवीन, पायात घुंगरू.

मी डाव्या हाताची अनामिका टोचते.
उजव्याला सुई लावत नाही, तो चित्रासाठी.
रोज एक भाजी काढते पेन्सिलीने
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर,
मग ती चिरते.
कारल्याला वेळ लागतो. दुधी म्हणजे सुट्टीचा दिवस.
उपाध्ये म्हणतात, तुमच्याकडे जेवायला उशीर का होतो ते कळलं.

आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही.
कुसुमचा तर आवाजही ऐकलेला नाही मी,
पण तिच्या जाऊबाईंनी श्रीखंड केलं
की मला दुसऱ्या दिवशी कळतं.

तीस वर्षं प्रेसमध्ये तिकिटांचे ताव तपासले.
शंभरात एका तिकिटाचं छिद्र अर्धवट पडलेलं असलं
तर नजर आपोआप तिथे अडखळायची.
पगार त्या अडखळण्याचाच होता.
मी निवृत्त झाले, नजर झाली नाही.

म्हणून पौषात लक्षात आलं :
११८. १२२. ११६. ११८. १२४.
निजामभाईंचे आकडे सगळे सम.
मागे मागे गेले, दिवाळीपर्यंत,
एकही विषम नाही.
दिवाळीच्या आधी मात्र १३३, १४७, एकदा २०१.
रक्ताला कुठून येईल एवढी शिस्त?

तीन दिवस काही लिहिलं नाही.
चौथ्या दिवशी त्यांना एकट्यांना विचारलं,
भाई, मशीनचा सेल गेलाय का?
सेल संपल्याची लाज कुणाला वाटत नाही, म्हणून असं.

उत्तर रात्री आलं.
पट्ट्या संपल्यात, आपा. दिवाळीपासून.
घ्यायला निघतो, पण औषधांच्या दुकानाआधी
बाजरीचं दुकान लागतं.
कबुतरं सदतीस झालीत.
वाटलं, सकाळी नुसतं गप्प बसण्यापेक्षा
आणि वाक्य तिथेच सोडलेलं.

मी फक्त मशीनच्या कंपनीचं नाव विचारलं.
नाशिकरोडच्या पोस्टात पार्सल तोलताना
खिडकीतला मुलगा म्हणाला, आत काय आहे?
म्हटलं, पन्नास सकाळी.
तो म्हणाला, काकू, नीट सांगा, मला लिहायचंय.

पुढच्या बुधवारी
निजामभाई : दोनशे सत्त्याऐंशी.
कबुतराचा फोटो नाही.
कुसुमनं लिहिलं, अगंबाई.
उपाध्ये : आजच डॉक्टरकडे. दहाला फोन करतो, उचला.
माझी बादली भरून वाहत होती
आणि मी ओट्याशी उभी राहून हसत होते.
लाजही वाटली त्या हसण्याची.
पण दोनशे सत्त्याऐंशी! विषम!
किती दिवसांनी.

मग मलाही लिहावं लागलं.
परवा भाचीनं मखमलाबादहून पेटी आणली,
काळी द्राक्षं.
चित्रासाठी म्हणून एक घड ताटलीत ठेवला.
एक मणी काढला कागदावर, एक घातला तोंडात,
चित्र पुरं झालं तेव्हा ताटलीत नुसता देठ होता.
काल सकाळी तुम्हाला एकशे अडतीस सांगितलं.
दोनशे चौदा होती.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
नळ गेला.
मग परभणीहून :
आपा, ते चित्र पाठवा.
मी मणी मोजतो.