दुसरी मात्रा

पाच वर्षं डेझी मिस सांगत होत्या,
पाऊल वाजता कामा नये.
साखर पेठेतल्या त्या माडीवर
आम्ही मांजरं झालो होतो.

आज टाचेचे बूट आले. म्हणाल्या, वाजव.
मजुर्का. तीन मात्रा, जोर दुसरीवर.
कमरेवर मूठ, हनुवटी वर,
पोलंडच्या खेड्यातली बाई आहेस तू.

पोलंड मला नकाशातही सापडत नाही.
मूठ घसरते, टाच लाजते.

मग आठवली अम्मा,
बिडी कारखान्याच्या खिडकीशी:
चेकरनं दोन कट्टे छाटात टाकलेले
आणि ती नुसती उभी,
कमरेवर मूठ,
तंबाखूनं पिवळी नखं आत दुमडून.

एक, दोन!

खालचा सायकलवाला ओरडला,
"काय बे, छत पाडता का?"
मिस म्हणाल्या, परत.