रकाना अकरावा

पाटणच्या वर एस.टी. जिथून माघारी वळते
तिथून पुढं दोन तास चढ, मग सडा.
मी ठेक्यावरचा माणूस. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, कराड.
गावामागं एक जैवविविधता नोंदवही,
नोंदवहीमागं ठरलेली रक्कम,
आणि मार्चअखेरची घाई.

ठकूबाई झोरे कुडाला टेकून बसल्या होत्या, दावं वळत.
मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या.
स्थानिक नाव.
(ते इथं लिहीत नाही. का ते पुढं येईल.)
वापरायचा भाग: मूळ.
'पर श्रावनातलं न्हाई.
पानं वाळून झाडाचा जीव खाली उतरला, की मग.'
एवढं मावायला रकान्यात जागा नव्हती.
मी समासात लिहिलं, आडवं.

रकाना आठ. प्रमाण.
'येक मूठ.'
रकाना नऊ. ज्ञान कोणाकडून मिळाले?
'सासूकडनं. सासूला म्हशीनं दावलं.'
म्हैस लिहू?
'मग? तिनंच आदी खाल्लं की.'
मी लिहिलं: पारंपरिक.

रकाना अकरा.
माहिती गोपनीय ठेवायची आहे काय? होय / नाही.
इथं मला थांबून समजवावं लागलं.
कंपन्या, पेटंट, हक्क.
सांगलीच्या पेठेत पोत्यानं विकते ती हळद,
जखमेवर ती लावायची युक्ती
कुणी साता समुद्रापलीकडं नावावर करून घेतली होती,
सोडवायला जुन्या पोथ्या दाखवाव्या लागल्या.

दावं वळायचं थांबलं.
'जखम बी त्यांचीच व्हती का?'

मग बराच वेळ काही नाही.
खाली कोयनेच्या पाण्यावर ढगाची सावली सरकत होती.
'सड्यावर तर उघडंच उगवतंय,' त्या म्हणाल्या,
'झाकायचं कशानं?'
आणि लगेच, 'लिव्ह, होय लिव्ह.
ज्यानं जनावर पाळलं न्हाई त्याला सांगायचं न्हाई.'
दुसऱ्या वाक्याला छापील जागा नव्हती.
मी 'होय'भोवती गोल केला.
अंगठा दोनदा उठला नाही, रेषा शेणात झिजलेल्या.
तिसऱ्यांदा उठला तो नुसताच शाईचा डाग.

नोंदवही ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात गेली.
किल्ली ग्रामसेवकाकडं,
ग्रामसेवक तीन गावांत मिळून एक.
मला माझी रक्कम मिळाली, कर कापून.

आता मी कराडला बियाण्यांच्या दुकानात असतो.
पाकिटामागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं,
यातून आलेलं बी पुन्हा पेरू नये.
गिऱ्हाइकं ते वाचत नाहीत. मी वाचतो.

दोन वर्षांनी कार्तिकात फोन आला.
'बिरू बोलतोय, ठकूबाईचा नातू.
आजी गेली चैतात.
म्हस व्यालीया, वार पडंना.
तुमी समदं लिवून नेलंय म्हनं.'
पंचायतीत जाऊन आला होता.
गोपनीय आहे, म्हणाले. अर्ज कर,
समितीची सभा लागेल, कोरम लागेल.
तिच्या नातवापासनं जपून ठेवलं होतं
तिचंच, कुलपात.

मी कपाटाला न विचारता सांगितलं.
कुठली घळ, कातळाची कुठली बाजू,
वाळक्या पानाची खूण.
'गावलं,' तासाभरानं तो म्हणाला, धापा टाकत.
'किती घिऊ?'
एक मूठ.

'आजीची का माझी?'

मला अकराच्या अकरा रकाने आठवले.
तिचा हात आठवेना.
दावं आठवलं, पीळ आठवला, शाईचा डाग आठवला,
हात केवढा होता ते नाही.
पलीकडं म्हैस जड श्वास सोडत होती,
फोनमधून ऐकू येत होतं.

'तिच्यापुढं धर,' मी म्हणालो.
'ती थांबेल तिथं थांब.'