उपासाची वही

आदल्या रात्री साबुदाणा धुऊन
पाणी बेतानं ठेवते, दाणे जेमतेम बुडतील इतकंच.
मग वही काढते.
मुलाच्या सातवीतली उरलेली;
पहिल्या पानावर अजून अपूर्णांक आहेत.

केतकर, सेक्टर आठ : कोथिंबीर नको.
घाडगे : कोथिंबीर हवी, जिरं नको.
दिवा गावातल्या मढवीबाई : जिरं चालतं, भेंडीसुद्धा चालते,
पण तिखट हिरव्या मिरचीचंच.
कुलथे सर : वरीचे तांदूळ नकोत,
तांदूळ म्हटलं की उपास मोडल्यासारखं वाटतं त्यांना.
डब्यावर भगर लिहिलं की
तेच मुकाट्यानं खातात.

एकदा केतकरांच्या रताळ्याच्या किसात
कोथिंबिरीचं पान गेलं. एकच.
साधी चतुर्थी होती,
तरी बाई दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.
तेव्हापासून कढई वेगळी, झारा वेगळा,
लसणाचा वास नसलेलं मिक्सरचं भांडं
वरच्या फळीवर, फडक्यात बांधून.

मी स्वतः उपास करत नाही.
सकाळची गोळी असते, उपाशीपोटी चालत नाही.
दहा वाजता बाल्कनीत उभ्या उभ्या
पोळी खाते, चूळ भरते, हात धुते
आणि दाण्याच्या आमटीला आमसूल घालते.
ऐरोलीत हे कुणी विचारलेलं नाही.
विचारलं तर सांगेन.

अंगारकीच्या आदल्या दिवशी नवा फोन.
इंगवले, माईंडस्पेसमध्ये कामाला.
एक डबा पाठवाल का, म्हणाला.
मी पेन उघडलं. जिरं चालतं?
कोथिंबीर? काकडीला दही की नुसता कूट?
पलीकडे कीबोर्ड थांबला.
"काकू, आमच्याकडे काय चालायचं ते माहीत नाही.
आई गेली तेव्हा मी तिसरीत होतो.
त्या दिवशी बाबा केळी आणायचे.
केळी चालतात, एवढं नक्की."

मी त्याचं नाव लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली
आणि अडले.
माझ्या माहेरी जिरं चालायचं, कोथिंबीर नाही.
सासरी नेमकं उलटं.
सव्वीस वर्षं मी सासरचं केलं, इतकं की
ह्या वहीत सगळ्या सोसायटीचे उपास आहेत
आणि माझ्या नावाची ओळच नाही.

सकाळी तुपात जिरं टाकलं.
तडतडलं.
खिचडी मोकळी झाली, दाणा न् दाणा सुटा,
तेव्हा वरून कोथिंबीर भुरभुरली, मूठभर,
चोरून काही करताना हलतो तसा हात हलला.
शेजारी एक केळं ठेवलं, कागदात गुंडाळून.

पुढच्या चतुर्थीला त्याचाच फोन.
आता दोन डबे, ऑफिसातल्या एकीलाही हवाय.
तिचं जिऱ्याचं काय, मी विचारलं.
तो तिलाच विचारायला वळला असावा;
आवाज लांबून आला, पण स्पष्ट :
"आमच्याकडे दोन्ही चालतं. तुमच्याकडे?"

चाळणीतून पाणी निथळत होतं.
ती काय म्हणाली
ते मला ऐकूच आलं नाही.