थेंबभर लोह

इझिदोर जहाजावर गेला तेव्हा
घराच्या किल्लीसोबत एक कात्री देऊन गेला.
"काप, हयगय करू नको," म्हणाला,
"नऊ महिन्यांनी येतो."
टाकीत मासे म्हणावे तर दोनच, तेही लाजरे.
बाकी सगळं शेवाळ:
द्राक्षांच्या घडांसारखं हिरवं, काचेला रेलून पसरलेलं,
आणि एका दगडावर ते तांबडं,
जिभेसारखं लवलवणारं.

मला वाटलं, शेवाळाला काय लागतं?
आमच्या न्हाणीत ते कुणी न सांभाळता वाढतं.

सड्यावर आमच्या खिडक्यांना कोळशाची धूळ.
सकाळी पुसावी, दुपारी बोट पुन्हा काळं.
त्याच हातानं मी टाकीही पुसत राहिलो.
पाणी बदललं, परत बदललं,
माशांना चिमटीतलं अर्धंच टाकलं,
गाळणीतला कापूस पांढराशुभ्र.
पाणी इतकं नितळ की टाकी रिकामी वाटावी.
आणि तांबडं फिकट होत गेलं,
आधी कडा, मग मधला भाग,
उन्हात विसरलेल्या कुणबी लुगड्यासारखं.

हिरव्याला तर कात्री लावलीच नाही.
दुसऱ्याचं आहे, वाढू दे, म्हटलं.
एका पहाटे पाहतो तो घड काचेसारखे,
आरपार दिसणारे,
आणि पाणी हिरवट ताक.
बादल्या. पुन्हा बादल्या.
दोन्ही मासे वरती, तोंड वासून.

फोनवर इझिदोर, मागे इंजिनाची घरघर:
"कापलं नाहीस ना?
दाटलं की एका रात्रीत सगळं पाण्यात सोडून मोकळं होतं ते.
आणि उपाशी ठेवलंस त्यांना. थोडी घाण राहू दे रे.
कपाटात बाटली आहे, लोहाची.
आठवड्याला एक थेंब."

लोहाची.
मी हसलो. त्याला वाटलं लाईन तुटली.

अठरा वर्षं मी बार्जवर होतो,
सावर्ड्याच्या धक्क्यावरून बंदरापर्यंत.
लोह मोजलं ते टनांत,
बार्ज किती बुडाली त्या रेघेवरून.
तांबडी माती कानांत, भातात,
धाकटीच्या पाळण्याच्या दोरीत.
मग खाणी थांबल्या.
बार्ज कडेला लागली, तिच्यावर आता बगळे बसतात.
आणि इथे मी ड्रॉपर धरून, श्वास रोखून:
एक.

उडून जातं ते गोडं, मीठ मागं राहतं;
म्हणून घट भरायची तीही गोड्यानंच.
हे कळायला मला जून उजाडला.
दिवा दहा तास. मध्ये वीज गेली तर गेली,
रात्री भरपाई करायची नाही.
पंपाचं तोंड जरा भिंतीकडे,
शेवाळ डुललं पाहिजे, फाटता कामा नये.
शनिवारी कात्री.
वाडगाभर निघतं.
सुनंदा म्हणते, माडाला घाल. घालतो.

खिडकी अजून रोज पुसतो.
त्या धुळीवर काही उगवत नाही.

काल तांबड्याच्या एका कडेला
नखाएवढा रंग दिसला.
दिव्याचा असेल म्हणून दिवा बंद करून पाहिला,
बॅटरी लावून पाहिला.
इझिदोरला कळवलेलं नाही.
हा शनिवार जाऊ दे.