पांढरी वायर

रम्सच्या खाडीकडून खमीस आला तेव्हा
दुपारची अजान होऊन गेली होती
आणि शटरच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.
पिकअपमागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी,
होडीत जाळं, जाळ्यात कालचे वाळलेले खेकडे.
"बावसकार," म्हणाला.
त्याच्या भाषेत 'प' नाही,
म्हणून अकरा वर्षं मी बावसकारच.
"डावीकडे वळतो तर मागे सगळंच लुकलुकतं.
ब्रेक मारतो तर उजवा मरतो.
काल शुर्त्याने अडवलं. आज सोडणार नाही."

ट्रेलरच्या दिव्यांना असं भूत लागतं.
लोक आधी बल्ब बदलतात, मग फ्यूज,
मग मेकॅनिक.

मी आधी ट्रेलर सोडवला.
भांडणारे दोघं असले की वेगळे बसवून विचारायचं,
हे मी वायरिंग शिकण्याआधी
दाभोळला आमच्या ओटीवरच शिकलो.
गाडीच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प टेकवला.
पार्किंग, डावा, उजवा, ब्रेक,
एकेक पिन हजेरी देत गेली.
गाडी निर्दोष. जे काय ते मागे.

पुन्हा जोडला. खमीस सीटवर, पाय ब्रेकवर.
त्याचा नातू राशिद, नऊ वर्षांचा, ट्रेलरमागे उभा.
मी खाली, पाठीवर, दातांत टेपचा तुकडा.
"जलता?"
"हां."
"अब?"
"हां."
"उजवा?"
"हां, हां."
अर्धा तास सगळं जळत होतं
आणि मला कळेना, बिघाड गेला कुठे.
सरपटत बाहेर आलो तर पोराची दिव्यांकडे पाठ,
होडीच्या कडेचं मीठ नखाने खरवडतोय.
त्याला समुद्रावर जायचं होतं.
रागावणार होतो.
पण घरून फोन आला की
मीही पाठ फिरवूनच सांगतो:
बरंय. हो, बरंय.

मग समोरच्या बंद सलूनच्या काचेत
मीच बघत बसलो, आणि दिसलं.

बाकीच्या वायरी काही ना काही घेऊन जातात.
पांढरी फक्त परत आणते.
धंद्यात तिला अर्थ म्हणतात.
आमचा उस्ताद कुन्हाली, मल्याळी,
तोही ओरडतो, "देखो, अर्थ नहीं मिलता!"
आणि गॅरेजात हसतो मी एकटाच.

बोल्ट जागेवर होता. दिसायला शाबूत.
पाना लावला, तर ओल्या खारीसारखा सुटून हातात आला.
रोज पहाटे उतारावर होडी सोडताना
ट्रेलर कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा.
करंट बिचारा वेळेवर निघायचा,
दिव्यापर्यंत पोचायचा,
परतीची वाट बंद बघून
शेजारच्या दिव्यात शिरायचा, तिथून पुढच्या,
ज्याचं दार उघडं त्याच्या घरातून मागे जायचा.
म्हणून वळायचं एकाने
आणि डोळे मिचकावायचे सगळ्यांनी.

पॉलिश पेपरने रंग घासला, पत्रा चांदीसारखा होईतो.
नवा लग, नवा बोल्ट, वर बोटभर ग्रीस.
दहा मिनिटांचं काम.
शोधायला तीन तास.

चालवणाऱ्याला आपले मागचे दिवे दिसत नाहीत,
कुणीतरी मागे लागतंच.
राशिदला पुन्हा उभा केला,
पण ह्यावेळी म्हटलं, डोळ्यांनी नको,
काचेवर पंजा ठेव.
सूर्य खाली गेला होता.
"जलता?"
"ना."
"अब?"
गप्प.
वाकून पाहिलं, तर पोराची बोटं आतून लाल झालेली,
एकेक हाड मोजता येईल इतकी,
आणि तो त्यांच्याकडे बघतच राहिलेला.

खमीसने तीस दिरहम दिले, वर बर्फातला एक मासा.
"कनद," म्हणाला.
"सुरमई," मी म्हणालो.
गोलावर त्याचा डावा दिवा एकटाच लुकलुकला, वळला.

आता कुन्हाली बिलबुक उघडून विचारतोय,
सुरमई कुठल्या खान्यात लिहायची.