होम मैदानावर, नळ यायच्या दिवशी

पास फुकट होता म्हणून गेलो, खोटं कशाला बोलू.
पतपेढीतल्या शिवलीला मॅडमनी दोन दिले,
एक मला, एक नायनाला.
पिवळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पाठीवर मालकाचं नाव:
महांकाळी मंडप.
रंग ओला असणार. माझ्या पांढऱ्या शर्टावर
अजून उलटं ‘काळी’ आहे.

सूत्रसंचालक म्हणाला, सात जण, पाच देश.
नावं वाचताना दोनदा अडखळला,
तिसऱ्यांदा सरळ ‘आपले पाहुणे’ म्हणून मोकळा.
फेब्रुवारी संपत आला होता, आणि माती
दिवसभराचं ऊन चपलेतून परत करत होती.

मग तो उंच माणूस आला, द्रिसा का द्रिस्सा,
पुढ्यात लाकडी पट्ट्यांचं वाद्य,
पट्ट्यांखाली वाळलेले भोपळे टांगलेले,
लहान, मोठे, एक तर चिंधीनं सांधलेला.
वाजायला लागलं तसा
नायना खुर्चीत पुढं सरकला.

नायनाच्या कानांचं सांगायला पाहिजे.
छत्तीस वर्षं अशोक चौकामागच्या शेडमध्ये,
बत्तीस माग, पत्र्याचं छप्पर.
चिमण्या त्याच्यापुरत्या कधीच उडून गेल्या.
दारावरची बेल, कुकरची शिट्टी, नातीचं कुजबुजणं
आम्ही हातवारे करून सांगतो.
खालचे आवाज मात्र पोचतात अजून,
तळव्यातून, मांडीतून,
कधी भिंतीला टेकला तर पाठीतून.

“उजवा हात धोटा,” तो माझ्या कानात ओरडला,
हळू बोलणं त्याला आता जमत नाही,
“डावा हात फणी. बघ की!”
पुढच्या रांगेतली पोरं वळून हसली.
मला धोटा दिसेना, फणी दिसेना.
दोन काठ्या दिसत होत्या, आणि घाम.

सव्वानऊला कुठंतरी पहिला फोन वाजला.
मग माझ्या मागं. मग डावीकडं तीन एकदम.
नळ आलाय.
पाचव्या दिवसाचा नळ, रात्री दहाचा म्हटलेला,
पाऊण तास आधीच आला होता.
रांगाच्या रांगा उठल्या,
पोरं काखेत, चपला हातात.

गाणाऱ्या बाईला वाटलं, नाचायला उठले.
निळं फडकं डोक्याला गुंडाळलेली ती
हसत, अनवाणी, पायऱ्या उतरून आली
आणि समोर सापडली तिचा हात धरला.
सापडली विडी घरकुलातली राजमणीअक्का,
घरी दोन बॅरल, एक हौद, आणि कुणी नाही.
“सोड गं माय,” अक्का म्हणाली, “नळ जाईल!”
माईक मधेच होता.
बाईनं मान डोलावली, डोळे मिटले,
आणि सुरात म्हटलं: नळ जाईल.
भोपळ्यांनी उचललं. ढोलांनी उचललं.
नळ जाईल, नळ जाईल,
सात जण, पाच देश,
आणि निघालेलं मैदान आहे तिथं उभं राहून
पोट धरून हसलं.
अक्कानं दोन गिरक्या घेतल्या, पदर खोचला,
हात सोडवला आणि रिक्षाकडं पळाली.

अर्धे गेले. उरलेल्यांत आम्ही.
शेजारच्या शकिलाभाभीच्या भरवशावर बसलो होतो.

पुढं कधीतरी, सगळं जोरात असताना,
त्यांनी एकदम थांबवलं. सगळ्यांनी. एका झटक्यात.
वाद्यवाले करतात तसं, टाळीसाठी.
नायना ताडकन उभा राहिला.
हात वर, डोळे मंचावर भिरभिरत,
तार कुठं तुटली शोधत,
कुणाचं बोट तर सापडलं नाही ना ते बघत.
द्रिसानं त्याला पाहिलं बहुतेक.
त्यानं एकच पट्टी वाजवली, सगळ्यात खालची,
मग परत तीच.
नायना बसला.

घरी दोन कळशा भरलेल्या, उंबऱ्याशी, झाकण ठेवून.
हात धुताना त्यानं विचारलं,
“ती बाई काय म्हणत होती? लोक हसत होते.”
मी सांगितलं, नळ जाईल म्हणत होती.
तो माझ्याकडं बघत राहिला.
“बापाची थट्टा करतो,” म्हणाला,
आणि दिवा घालवून झोपला.
सकाळीही बोलला नाही.